मागचा ब्रेक: कधी, किती आणि कशासाठी

मोटरसायकलला दोन चाके असतात आणि प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक. पुढचा उजव्या हाताच्या मुठीपाशी, मागचा उजव्या पायाखाली. चारचाकीत एकच पेडल दाबले की चारही चाकांना ब्रेक लागतो. कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा, हे गाडीतली यंत्रणाच ठरवते. मोटरसायकलवर ही वाटणी चालवणाऱ्याला स्वतः करावी लागते, तीही दोन वेगळ्या अवयवांनी आणि बहुतेक वेळा विचार करायला सवड नसताना.

आपल्याकडे पुष्कळ जणांची वाटणी पायावरच संपते. गाडी शिकवणारा थोरला भाऊ किंवा मित्र पहिल्याच दिवशी बजावतो, ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील.’ सायकलवर उतारावरून येताना पुढचा ब्रेक करकचून दाबल्यावर काय होते, हे लहानपणीच कळलेले असते, त्यामुळे हा सल्ला लगेच पटतो आणि पुढे वर्षानुवर्षे टिकतो. दुसऱ्या टोकाला वेगवान गाड्यांचे शौकीन असतात. थांबवण्याचे काम पुढचा ब्रेकच करतो, मागचा नावापुरता, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्या का चुकीच्या, हे साध्या आकडेमोडीने दाखवता येते.

शंभर-सव्वाशे सीसीची नेहमीची गाडी आणि तिच्यावरचा एक माणूस मिळून १९० किलो वजन धरू. गाडी उभी असताना ते दोन्ही चाकांवर साधारण निम्मे-निम्मे, म्हणजे ९५-९५ किलो असते. दोन चाकांच्या आसांमधले अंतर १३० सेंटिमीटर आणि गाडी-माणसाचा एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर आहे असे समजू. ब्रेकचा जोर रस्त्यावर उतरतो तो टायर टेकतो त्या जागी, जमिनीच्या पातळीवर. वजन मात्र त्याच्या बरेच वर असते आणि ते पुढे जात राहू पाहते. त्यामुळे ब्रेक लागताच गाडी पुढे दबते, पुढचे शॉकॲब्सॉर्बर आत जातात, मागची सीट किंचित उचलल्यासारखी वाटते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला आणि टायरची पकड पुरेपूर वापरून ब्रेक लावला, तर सुमारे ७० किलो भार मागून पुढे सरकतो. पुढच्या चाकावर १६५ किलो येतात, मागच्यावर उरतात २५.

टायरची पकड त्याच्यावर किती भार आहे यावर ठरते. पंचवीस किलोचा भार असलेले चाक गाडी थांबवायला फार मदत करू शकत नाही. त्याच्यावर जास्त जोर दिला तर ते फिरायचे थांबते आणि रस्त्यावरून घासत जाते. हाच हिशेब अंतरात मांडला की चित्र स्पष्ट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी दोन्ही ब्रेक योग्य रीतीने लावले तर १८ मीटरच्या आत थांबते. फक्त पुढचा लावला तर २२ मीटरच्या थोडी पुढे जाते. फक्त मागचा लावला तर ४८ मीटर लागतात. यात धोका दिसून हात-पाय हलेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद मानला तरी ६०च्या वेगाने गाडी आणखी जवळजवळ १७ मीटर गेलेली असते.

याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहता येते. दोन्ही ब्रेक लावणारा जिथे पूर्ण थांबला, त्या जागी फक्त पुढचा ब्रेक लावणाऱ्याचा वेग अजून ताशी २७ किलोमीटर असतो आणि फक्त मागचा लावणाऱ्याचा ४७च्या वर. म्हणजे समोर ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी आली असेल, तर पहिला तिच्या अलीकडे थांबेल, दुसरा तिच्यावर आदळून जखमी होईल आणि तिसऱ्याची आपटी जिवावरची असेल. केवळ पायावर भिस्त ठेवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवायला हवा. पण मागच्या ब्रेकला नावापुरता म्हणणाऱ्यासाठीही इथे उत्तर आहे. दोन्ही ब्रेक आणि नुसता पुढचा ब्रेक यांत साडेचार मीटरचा फरक पडतो. तेवढी एका मोटारीची लांबी असते.

हे गणित कागदावरचे असले तरी प्रत्यक्ष अपघातांतूनही तेच दिसले आहे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ साली प्रसिद्ध झालेला हा अहवाल ‘हर्ट रिपोर्ट’ म्हणून ओळखला जातो. अपघातात सापडलेल्या बहुतेकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवले होते आणि पुढचा गरजेपेक्षा कमी वापरला होता, हा त्यातला एक ठळक निष्कर्ष. टक्कर टाळण्यासाठी चालकाला मिळणारा वेळ दोन सेकंदांहूनही कमी असतो, हा दुसरा. दोन सेकंदांत माणूस नवे काही शिकत नाही. पायाला आणि हाताला जी सवय असेल तीच वर येते. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. या सगळ्यांचे कारण ब्रेक नव्हे, हे उघड आहे. पण ज्या देशात घरटी दुचाकी आहे, तिथे ब्रेक लावायचे रीतसर शिक्षण जवळपास कोणालाच मिळत नाही, ही गोष्ट गंभीर आहे.

मागचे चाक लॉक झाले की नेमके काय होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. फिरते चाक दोन कामे करते. गाडीचा वेग रोखते आणि तिला आपल्या रेषेत धरून ठेवते. चाक फिरायचे थांबून घासू लागले की वेग रोखण्याची ताकद काहीशी घटते, आणि बाजूला सरकू न देण्याची ताकद जवळजवळ संपतेच. मग रस्त्याचा किंचित उतार, जरा झुकलेले अंग किंवा थोडे वळलेले हँडल एवढ्यावरही गाडीचे मागचे अंग एका बाजूला जाऊ लागते. गाडी सरळ रेषेत असेल आणि चाक नुकतेच घासू लागले असेल, तर पाय सैल करावा. चाक पुन्हा फिरू लागते आणि गाडी सावरते. पण मागचे अंग बरेच आडवे आले असेल तर घाबरून पाय एकदम उचलणे हे सर्वांत धोक्याचे. घासणाऱ्या टायरला अचानक पकड मिळते, आडवी झालेली गाडी एका झटक्यात सरळ व्हायला जाते आणि चालक वरून पलीकडे भिरकावला जातो. घसरून खाली पडण्यापेक्षा असे फेकले जाणे कितीतरी वाईट. म्हणून मागचे अंग फार सरकले असेल तर पाय तसाच दाबून ठेवून, नजर समोर ठेवून गाडी थांबू द्यावी, असे प्रशिक्षक सांगतात.

दोन्ही ब्रेक कोणत्या क्रमाने लावायचे, याचे उत्तर भार कसा सरकतो यातच आहे. ब्रेक लागण्याच्या पहिल्या क्षणी भार अजून मागच्या चाकावर असतो. म्हणून मागचा ब्रेक आधी, हलक्या पायाने लावावा. त्याने गाडीची मागची बाजू खाली खेचली जाते, गाडी एकदम पुढे दबत नाही, आणि ब्रेक लाइट पेटून मागून येणाऱ्याला इशारा मिळतो. लगेच, जवळजवळ त्याच श्वासात, पुढचा ब्रेक दाबायला सुरुवात करावी. तो झटक्याने आवळायचा नाही. लिव्हर आत ओढत जायचे आणि भार पुढे आला की जोर वाढवायचा. पुढचा जोर वाढत असताना पायाचा जोर कमी करत न्यायचा, कारण मागचे चाक हलके होत चाललेले असते. क्लच ओढून धरायचा, म्हणजे इंजिनाचा ओढा मागच्या चाकावर जादा पडत नाही. ‘तोंडावर पडशील’ या सल्ल्यातले अर्धे खरे इथे आहे. पुढचा ब्रेक एका झटक्यात आवळला तर चाकावर भार यायच्या आधीच ते लॉक होऊ शकते. चूक ब्रेक लावण्यात नसते, झटक्यात असते.

पाऊस आणि चिखल आले की वाटणी बदलते. रस्ता निसरडा झाला की मुळात जोरात ब्रेक लागतच नाही, त्यामुळे भारही कमी सरकतो. घर्षणाचा गुणांक ०.३ इतका घसरला तर वरच्याच गाडीत पुढच्या चाकावर सुमारे १२१ आणि मागच्यावर ६९ किलो राहतात. कोरड्या रस्त्यावर मागच्या चाकाचा वाटा जेमतेम १३ टक्के होता, तो इथे ३६ टक्क्यांवर जातो. मृगाच्या पहिल्या सरीने रस्त्यावरचे साचलेले तेल आणि धूळ वर येते तेव्हा, कोकणात लाल माती रस्त्यावर वाहून येते तेव्हा, गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर पसरतो तेव्हा, मागच्या ब्रेकचे मोल असे वाढते. दुसरेही एक कारण आहे. मागचे चाक थोडे घसरले तर सावरायला वाव असतो. पुढचे घसरले तर गाडी क्षणात आडवी होते. म्हणून खडी, वाळू किंवा चिखलावर मुख्य भर हलक्या पायावर आणि पुढचा ब्रेक अगदी बेताने, दोन बोटांनी, हँडल सरळ असतानाच. वेग आधीच कमी करून अशा पट्ट्यात शिरणे हे अर्थात सगळ्यांत बरे.

मागच्या ब्रेकची खरी सत्ता चालते ती कमी वेगावर. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी अनेक ठिकाणी इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवावी लागते. पाय टेकला की नापास. तिथे अडखळणारे बहुतेक जण वळणात पुढचा ब्रेक दाबतात. हँडल वळलेले, वेग माणसाच्या चालीइतका, अशा वेळी पुढचा ब्रेक लागला की गाडी वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते आणि पाय टेकावाच लागतो. जमणारा माणूस पाहिला तर त्याचा उजवा हात लिव्हरपाशी जातच नाही. तो क्लच अर्धा धरतो, इंजिनाला किंचित रेस देतो आणि मागचा ब्रेक हलका दाबून ठेवतो. इंजिन पुढे ढकलत असते, ब्रेक मागे धरत असतो. चेन ताणलेली राहते आणि गाडी धक्के न खाता वळते. वेग नुसत्या पायाने कमी-जास्त होतो. अरुंद बोळात गाडी वळवताना, बाजारपेठेच्या गर्दीतून जाताना, गतिरोधकांच्या रांगेत हेच तंत्र उपयोगी पडते.

घाटात या ब्रेकचे दोन वेगळे पैलू दिसतात. चढावर वाहतूक खोळंबली की डावा पाय जमिनीवर टेकावा आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक धरून ठेवावा. त्यामुळे उजवा हात रेस द्यायला मोकळा राहतो, आणि क्लच सुटू लागताच पाय उचलला की गाडी मागे न घरंगळता निघते. उतारावर मात्र तोच पाय आवरावा लागतो. आंबोली किंवा वरंधसारख्या लांब घाटात सतत मागचा ब्रेक दाबून उतरले तर ड्रम तापतो. तापलेला ड्रम फुगतो, लायनरची पकड घटते, पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागते आणि जळकट वास येतो. मागे डिस्क असेल तर ब्रेक ऑइल उकळून पेडल मऊ पडण्याची भीती असते. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा, इंजिनाला गाडी धरू द्यावी आणि दोन्ही ब्रेक वळणाआधी, थांबून थांबून वापरावेत, हा जुना नियम पक्का आहे. त्यात एवढी भर घालायला हवी की इंजिनाचा ओढाही मागच्या चाकावरच पडतो. ओल्या घाटात एकदम दोन गिअर खाली टाकून क्लच सोडला, तर ब्रेक न लावताही मागचे चाक घसरते.

मागे कोणी बसले की सारे आकडे बदलतात. डबलसीट गाडीत मागच्याचे वजन जवळजवळ मागच्या चाकावरच असते. त्यामुळे मागच्या टायरला पकड जास्त मिळते आणि पायाचा ब्रेक एरवीपेक्षा अधिक जोराने लावता येतो, लावावाही लागतो, कारण थांबवायचे वजनच वाढलेले असते. नुसता पुढचा ब्रेक जोरात लावला तर मागचा माणूस चालकाच्या पाठीवर येतो आणि त्याचे हात हँडलवर अवघडतात. मागचा ब्रेक आधी लावल्याने हा धक्का बराच कमी होतो.

शर्यतींत मागच्या ब्रेकला कोणी विचारत नाही, असा समज आहे. त्याला सर्वांत चांगले उत्तर ऑस्ट्रेलियाच्या मिक डूहानने दिले. १९९२ साली नेदरलँड्समधल्या आसेनच्या शर्यतीच्या वेळी पडून त्याचा उजवा पाय इतका जायबंदी झाला की पेडल नीट दाबता येईना. त्याने मागचा ब्रेक सोडून दिला नाही. डाव्या मुठीपाशी अंगठ्याने दाबायची लिव्हर बसवून घेतली आणि तिच्यासह १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षे ५०० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. वळणात गाडीचा वेग आणि रेषा बारीक बारीक दुरुस्त करायला त्याला तो ब्रेक हवा होता. रस्त्यावरच्या चालकाने वळणात त्याची नक्कल करू नये. वेग वळणाआधीच कमी केलेला बरा. पण वळणात शिरल्यावर वेग थोडा जास्त वाटलाच, तर पुढचा ब्रेक आवळण्यापेक्षा पायाचा अलगद दाब बराच सुरक्षित.

आता नव्या गाड्यांत यंत्रणाही मदतीला आली आहे, पण ती नेमके काय करते हे मालकाला ठाऊक असायला हवे. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस सक्तीचे झाले. सीबीएस म्हणजे जोडब्रेक. मोटरसायकलवर पेडल दाबले, किंवा स्कूटरवर डावी लिव्हर दाबली, की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लागतो. केवळ पायावर चालणाऱ्यांची संख्या पाहता ही तरतूद शहाणपणाची आहे. पण त्यात पुढचा ब्रेक पुरत्या ताकदीने लागत नाही. त्यासाठी उजवी लिव्हर दाबावीच लागते.

एबीएसच्या बाबतीत गैरसमज अधिक आहे. चाक लॉक होऊ लागले की ही यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा देते, आणि हे एका सेकंदात अनेकदा करते. मोटरसायकलवर ती पहिल्यांदा आणली बीएमडब्ल्यूने, १९८८ साली, के १०० मालिकेत. आपल्याकडच्या दीडशे-दोनशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत मात्र ती ‘सिंगल चॅनेल’ असते, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. अशा गाडीचे मागचे चाक पूर्वीइतकेच सहज लॉक होते. टाकीवर किंवा मडगार्डवर एबीएसचे अक्षर पाहून निर्धास्तपणे पेडल दाबणारा माणूस नेमका याच ठिकाणी फसतो. गाडी घेताना यंत्रणा एका चाकाला आहे की दोन्ही, हे विचारून घ्यावे. ऐपत असेल तर दोन्ही चाकांची घ्यावी.

हे सगळे वाचून कळते, पण पायात उतरते ते सरावानेच. रिकामे मैदान किंवा रहदारी नसलेला सरळ रस्ता, हेल्मेट, पायात बूट आणि ताशी २०-३०चा वेग एवढे पुरे. आधी फक्त मागचा ब्रेक वाढवत न्यावा आणि चाक कोणत्या क्षणी घासू लागते ते पायाला ओळखू द्यावे. मग फक्त पुढचा, हळूहळू वाढवत. मग दोन्ही एकत्र. चपलेतून पेडलचा दाब नीट जाणवत नाही, म्हणून बुटाला महत्त्व. आणि ज्यांनी गिअर उजव्या पायाला व ब्रेक डाव्या पायाला असलेली जुनी बुलेट वर्षानुवर्षे चालवली आहे, त्यांनी नवी गाडी हाती घेतल्यावर हा सराव जास्तच करावा, कारण घाईच्या क्षणी पाय जुन्या जागी जातो.

शेवटी देखभाल. नेहमीच्या गाड्यांत मागचा ब्रेक ड्रमचा असतो. पेडल दाबले की लोखंडी रॉड पुढे ओढला जातो, ड्रमवरची दांडी वळते, आतला कॅम फिरतो आणि दोन ब्रेक शू फाकून फिरत्या ड्रमला आतून घासतात. पेडल दाबल्यावर ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत साधारण दोन ते तीन सेंटिमीटर मोकळी चाल असावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाल अगदीच कमी असेल किंवा पाय सतत पेडलवर टेकवून ठेवायची सवय असेल, तर लायनर घासत राहून ड्रम तापतो, गाडी ॲव्हरेज कमी देते, आणि ब्रेक लाइट कायम पेटलेला राहिल्याने मागच्याला खरा इशारा मिळत नाही. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली तर ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक लागेनासा होतो. बाहेर आल्यावर थोडे अंतर हळू जात पेडल हलके दाबून लायनर सुकवून घ्यावेत. रॉडच्या टोकाचा नट आवळून चाल कमी करता येते आणि हे काम घरी, पान्याशिवायही जमते. मात्र पुष्कळ गाड्यांत ड्रमच्या झाकणावर एक खूण आणि दांडीपाशी एक बाण असतो. पेडल पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला भिडत असेल तर लायनर संपलेले आहेत. त्यानंतर नट आवळून भागत नाही, नवे ब्रेक शू टाकावेच लागतात.